पेन्सिलीच्या आधी परात

डोंबिवलीहून एका आजींचं चार पानी पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा. नात पावणेचार वर्षांची, नर्सरीत जाते. मुलगा-सून सकाळी नोकरीला मुंबईला जातात ते रात्रीच उगवतात, त्यामुळे शाळेचे दोन-अडीच तास सोडले तर नात आजीकडेच. टीचरनी सांगितलं, ‘हिचं फाइन मोटर वीक आहे (म्हणजे बोटांची बारीक कामं कच्ची आहेत), जूनमध्ये ज्युनियर केजीत जायचं तर घरी लिहून घ्या,’ आणि ठिपके गिरवायच्या कागदांची चळत हातात दिली. नात पेन्सिल मुठीत धरते आणि दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणून रडते. कणकेला बोट लावत नाही. बागेतल्या वाळूत पाय टेकवत नाही. बाथरूमच्या ओल्या फरशीवर चवड्यांवर चालते. नखं कापताना आणि डोक्यावरून पाणी घेताना घर डोक्यावर घेते. मोबाइलशिवाय जेवत नाही. सुनेने ऑनलाइन ‘सेन्सरी किट’ (हात लावून, हाताळून खेळायच्या वस्तूंचा संच) मागवलं, त्याचं कौतुक दोन दिवसांत संपलं. त्यातच शेजारणीने ‘ऑटिझम तर नाही ना, दाखवून घ्या’ म्हटल्यापासून आजींची झोप उडाली आहे. शेवटी त्या लिहितात, ‘गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. मी या पोरीचं दिवसभर काय करू? आमच्या वेळी पोरं आपोआप वाढायची.’

नमस्कार काकू,

ठिपक्यांचे कागद आधी कपाटात ठेवून द्या. टीचरना काय सांगायचं ते पुढे लिहिते.

तुमच्या पत्रात काळजीच्या ओळी पुष्कळ आहेत, पण मी उरलेल्या ओळी जास्त लक्ष देऊन वाचल्या. नात भातुकलीत तुम्हाला खोटाखोटा चहा पाजते आणि ‘साखर जास्त झाली गं’ म्हटलं की खुदखुदते. खिडकीतून बाबा दिसला की बोट दाखवून तुम्हाला ओढत नेते. एका हाकेला येते. दिवसभर गोष्टी सांगून तुमचं डोकं उठवते. गोल काढते, जिना एका पायरीला एक पाऊल टाकत चढते. पत्रावरून निदान करू नये आणि मी ते करणारही नाही. पण एवढं सगळं करणाऱ्या मुलीला कणकेची किळस येते, एवढ्यावरून ऑटिझमचा शिक्का मारायचा नसतो.

शेजारणीच्या डोक्यात ते कुठून आलं असेल तेही सांगते. मानसिक आणि मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांच्या अमेरिकन निदान-यादीची पाचवी आवृत्ती 2013 साली आली. तिच्यात स्पर्श, आवाज, उजेड जास्त किंवा फारच कमी जाणवणं हे ऑटिझमच्या लक्षणांमध्ये धरलं गेलं. तेव्हापासून ‘वाळू आवडत नाही म्हणजे ऑटिझम’ असं उलटं गणित रील्समधून फिरतं आहे. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना स्पर्शाचा त्रास होतो हे खरं. पण स्पर्शाचा त्रास होणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना ऑटिझम नसतो. याच ‘त्रासा’ला स्वतंत्र आजाराचं नाव देऊन त्या यादीत घालावं, असाही प्रस्ताव तेव्हा होता. तो मान्य झाला नाही. म्हणून कुणी तुमच्या हातात ‘सेन्सरी प्रॉब्लेम’ असं लिहिलेला कागद आणि वर्षभराच्या फीचं पॅकेज एकदमच ठेवलं, तर पैसे भरण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आता पेन्सिल. पावणेचार वर्षांच्या मुलीने पेन्सिल मुठीत धरली म्हणून आभाळ कोसळत नाही. साधारण चार वर्षांच्या आसपास मुलं खडू मुठीतून काढून अंगठा आणि बोटांत धरू लागतात. तीन बोटांची नेटकी पकड त्यानंतर हळूहळू बसते. रेघांनाही क्रम असतो. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास उभी रेघ, तिसऱ्याला गोल, चौथ्याला फुली किंवा अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण, कारण तिरकी रेघ सगळ्यांत अवघड. तुमची नात गोल काढते, म्हणजे ती वयाप्रमाणेच चालली आहे. शाळा मात्र तिच्याकडून इंग्रजी ‘के’ मागते आहे, ज्याला दोन तिरक्या रेघा लागतात.

आणि हात दुखतो म्हणते तेही खोटं समजू नका. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात, एक्स-रेत बहुधा एकही दिसत नाही. मग ती एकामागून एक पक्की होत जातात, आणि तुमच्या नातीच्या वयाला साधारण तीन-चारच झालेली असतात. शेवटचं दिसायला आठ-नऊ वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. हाडं दिसत नाहीत म्हणून पेन्सिल धरता येत नाही, असा सरळ हिशेब नाही. पण हा हात अजून घडतो आहे, एवढं तरी मोठ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

खरी गोम बोटांत नसतेच, खांद्यात असते. शरीरावरचा ताबा मधून बाहेर येत जातो. आधी मान आणि पाठ, मग खांदा, कोपर, मनगट, आणि सगळ्यांत शेवटी बोटांची टोकं. सायकलच्या हँडलचा नट ढिला असला की चाक कितीही चांगलं असो, गाडी लटपटतेच. तुमची नात लिहायला बसली की डोकं हातावर टेकवते, खुर्चीत घसरत जाते, असं तुम्ही दुसऱ्या पानावर सहज लिहून गेला आहात. मला ती ओळ ‘फाइन मोटर’पेक्षा महत्त्वाची वाटली. पाठ आणि खांदे दमतात, मग बोटं सगळा भार घेतात आणि दुखतात. तिच्याकडून आणखी दहा पानं गिरवून घेतल्याने खांदा घट्ट होणार नाही. लिहिण्याचा तिटकारा तेवढा घट्ट होईल.

खांद्याला काम हवं, आणि ते तुम्ही खुर्चीत बसून देऊ शकता. जुन्या साडीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं तिच्या, आणि रस्सीखेच. किलोभर बटाट्याची पिशवी तिला दोन्ही हातांनी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणायला सांगा. ‘भिंत पडते आहे, ढकल, ढकल’ म्हणून तिला दोन्ही तळव्यांनी भिंत रेटायला लावा. तुम्ही खुर्चीतून फर्मान सोडायचं, ‘आता अस्वल’, ‘आता खेकडा’, ‘आता बेडूक’, की तिने त्या चालीने हॉल पार करायचा. हातांवर अंगाचं वजन येतं ती प्रत्येक चाल खांद्याच्या कामाची. गॅलरीच्या भिंतीवर जुन्या रंगाच्या ब्रशने नुसतं पाणी मारू द्या. उभ्या भिंतीवर हात वर करून काम केलं की खांदा आणि मनगट दोन्ही आपोआप नीट स्थितीत येतात. पाणी वाळलं की भिंत परत कोरी, त्यामुळे सोसायटीचीही तक्रार नाही. गॅलरीला ग्रिल नसेल तर मात्र हे बाथरूमच्या भिंतीवर, आणि स्टूल-खुर्ची कठड्यापासून लांब.

बोटांसाठी तुमच्या देवघरापुढची रांगोळी पुरेशी आहे. रांगोळीची चिमूट अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरतात. पेन्सिलही याच तीन बोटांत धरायची असते. उरलेली दोन बोटं आपसूक दुमडली जातात आणि अंगठा मागे-पुढे सरकवत पीठ सोडायचं असतं. हीच बारीक हालचाल पुढे अक्षराला लागते. फरशीवर तुम्हाला वाकता येणार नाही, म्हणून टेबलावर काळा कागद किंवा मोठी स्टीलची ताटली ठेवा आणि तांदळाचं पीठ घ्या. रांगोळीची भुकटी फार बारीक असते, मुलं फुंकर मारतात आणि ती नाकातोंडात जाते. आधी नुसते ठिपके. ठिपका लहान पडला की तुम्ही काही बोलू नका, ती स्वतःच दुसरा टाकेल. पीठ कोरडं असतं, त्यामुळे कणकेला घाबरणारी ही मुलगी बहुधा चिमटीला तयार होईल.

टिकल्यांचं पाकीट असंच कामाचं. टिकली नखाने सोलून काढायची आणि कागदावर काढलेल्या झाडाला फळ म्हणून चिकटवायची. कपडे वाळत घालायचे चिमटे म्हणजे बोटांचा व्यायामच, तिचे हातरुमाल स्टँडवर तिलाच लावू द्या. मटाराच्या शेंगा फोडायला द्या, मेथी-कोथिंबीर निवडायला द्या. कोथिंबिरीत काड्या राहतील, त्या राहू द्या. खडू द्यायचे ते मोडून, इंचभर तुकडे करून द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. शाळेत मिळतात त्या जाड, महागड्या, तिकोनी पेन्सिलींपेक्षा हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता कणीक, वाळू आणि ओली फरशी. हे तिन्ही एकाच जातीचं आहे. ओलसर, चिकट, पायाला-हाताला लागून राहणारं. तुमच्या-माझ्या मेंदूला तो स्पर्श ‘काही विशेष नाही’ म्हणून बाजूला सारता येतो. काही मुलांच्या मेंदूला ते लवकर जमत नाही, त्याला तो धोका वाटतो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठी उपचार करणाऱ्या तज्ज्ञ) जीन एअर्स यांनी 1960-70च्या दशकांत या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या सगळ्याच म्हणण्याला पुढे पुरावा मिळाला असं नाही. पण एक गोष्ट रोज मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही पटते. असं मूल नाटक करत नसतं, आणि लाडावलेलंही नसतं. ‘हात धरून एकदा परातीत घाल, भीती मोडेल’ हा सल्ला तुम्हाला नात्यातल्या कुणीतरी दिला आहे. तो पाळू नका. भीती मोडत नाही, तुमच्यावरचा विश्वास मोडतो, आणि पुढच्या वेळी परात दिसली तरी ती पळते.

त्याऐवजी असं करून बघा. पहिले काही दिवस परातीत फक्त कोरडं पीठ आणि चाळणी. तिने चाळायचं, बस्स. शेजारी ओला आणि कोरडा असे दोन नॅपकिन ठेवा आणि आधीच सांगा, ‘हात पुसावासा वाटला की पूस.’ मनात येईल तेव्हा सुटका आहे हे माहीत असलं की मूल पुढे येतं. मग तिने चमच्याने पाणी घालायचं आणि उलथन्याने ढवळायचं, मळायचं तुम्ही. हे जमलं की गोळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि तिला वरून दाबू द्या, ठोसे मारू द्या. तिला गोळ्याचा मऊपणा कळतो, हाताला मात्र काही लागत नाही. त्यानंतर पिशवीबाहेरचा गोळा, पण वरून भरपूर कोरडं पीठ भुरभुरलेला, आणि त्यात एकच बोट खुपसून भोक पाडायचं. फ्रिजमधली गार कणीक देऊ नका, कोमट पाण्यात मळलेली द्या. काही मुलं पंधरा दिवसांत इथवर येतात, काही दोन महिने पिशवीवरच रेंगाळतात. घाई करून पुढच्या पायरीवर ढकलू नका आणि ‘बघ, काही होत नाही ना!’ असं विजयाने म्हणू नका. ती लाटणं हातात घेईल तेव्हा पोळीचा नकाशा होईल, तो तव्यावर टाकून तिला खायला द्या. कच्ची कणीक मात्र तोंडात जाऊ देऊ नका, आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

वाळूचंही तसंच. आधी बूट घालून वाळूत, हातात खुरपं किंवा चमचा. मग मोजे. मग कधीतरी अनवाणी. चौपाटीवर बाबाच्या कडेवरून उतरली नाही तर त्यात काय बिघडलं? दिवाळीला बिल्डिंगची मुलं किल्ला करतात तेव्हा तिला हळीव पेरायचं आणि मावळे मांडायचं काम द्या. चिखल कालवणारे दुसरे पुष्कळ असतात.

नखांसाठी एक गोष्ट समजून घ्या. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श अशा मुलांना सोसत नाही, घट्ट दाबलेला चालतो. उलट त्याने ती शांत होतात. म्हणून नखं आंघोळीनंतर कापा, तेव्हा ती मऊ असतात. आधी तिचा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबा, मग एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत घट्ट दाबत या. नेलकटर तिच्या हातात, वर तुमचा हात, ‘दाब’ म्हटलं की तिने दाबायचं. एका दिवशी दोनच बोटं झाली तरी चालतील, पण ‘आज दोनच’ म्हटलं असेल तर दोनच. तिसरं हळूच उरकून घेण्याचा मोह आपल्याला सगळ्यांना होतो, तो टाळा. केस धुताना मान मागे, कपाळावर तिनेच धरलेला घडीचा रुमाल, पाणी मागून, आणि प्रत्येक तांब्याआधी ‘आला हं’. नंतर टॉवेल अंगावर भुरभुर फिरवू नका, गुंडाळून घट्ट दाबा. तुमच्या घरात गोधडी असेल तर आंघोळीनंतर तिला गळ्याखाली गोधडीत गुंडाळून ‘पोळीची गुंडाळी’ करा. तोंड-नाक कायम मोकळं हवं, आणि ‘सोड’ म्हणताच सोडायचं.

फ्रॉकच्या मानेचं लेबल कापून टाका. एकच सुती फ्रॉक सारखा घालते म्हणालात ना? तसले आणखी दोन आणा आणि हा वाद कायमचा मिटवा. प्रत्येक गोष्टीची सवय लावायची गरज नसते.

बागेत नेता तेव्हा झोपाळ्यावर पुढे-मागे सावकाश झोके द्या. कानाच्या आत तोल कळवणारी इंद्रियं असतात, त्यांना हे हवं असतं, आणि बहुतेक मुलं अशा झोक्याने निवतात. गोल फिरणाऱ्या चक्रावर मात्र तिलाच ठरवू द्या. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळलं की लगेच थांबा. किती खेळावं याचाही आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल करावी, त्यांतली निदान 60 मिनिटं धावपळीची असावीत, झोप 10 ते 13 तास आणि स्क्रीन तासाभराच्या आत असावा, असं सांगितलं आहे. तीन तास ऐकून दडपून जाऊ नका. बटाट्याची पिशवी, जिना, अस्वल, झाडांना पाणी, सगळं यात मोजायचं.

‘आमच्या वेळी आपोआप व्हायचं’ यावर जरा वाद घालते. आपोआप होत नव्हतं काकू, घर करवून घेत होतं. जमिनीवर बसून जेवायचं, विहिरीवरून किंवा हापशावरून पाणी आणायचं, अंगणात लंगडी, ठिकरी, सागरगोटे. तुमच्या नातीचं घर दोन खोल्यांचं, खुर्चीवरचं आणि लिफ्टचं आहे, हा तिचा दोष नाही. आणि त्या वेळीही ज्यांना जमत नव्हतं ती मुलं होतीच. त्यांना धांदरट, वेंधळं म्हणायचे आणि वर फटके द्यायचे. ते दिवस जसेच्या तसे परत आणावेत असं मला मुळीच वाटत नाही.

उलट तुमच्याच भागातली एक आठवण घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता, पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. माँटेसरीची साधनं महाग, आदिवासी पाड्यावर ती परवडायची कुणाला? मग शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘सेन्सरी किट’ या शब्दाने दबून जाणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित घराला मी कोसबाडचं नाव सांगते.

टीचरना भांडणाच्या सुरात काही सांगू नका. एवढंच म्हणा: ‘घरी आम्ही हाताच्या ताकदीचं काम घेतो आहोत, दोन महिने गिरवण्याची पानं देऊ नका, त्याऐवजी तिला फळ्यावर उभं राहून खडूने मोठे गोल काढू द्या.’ ऐकलं नाही तर मुख्याध्यापिकांना भेटा. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचाच मानला आहे आणि पहिलीचं वय सहा वर्षं धरलं आहे. तुमच्या नातीला पहिलीला अजून दोन वर्षांहून जास्त अवकाश आहे. लेखणी तेवढ्यात येते. आणि ती डाव्या हाताने खडू उचलते त्यावर टीचर काही बोलल्या असतील तर ते कानाआड करा. हात बदलायला लावू नका.

तरीही एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, शेजारणीच्या भीतीपोटी नव्हे, तर पत्रातून मला दिसत नाही ते त्यांना दिसेल म्हणून. त्यांना चालणं आवर्जून बघायला सांगा. फक्त ओल्या फरशीवर चवडे टेकते ते स्पर्शामुळे असेल. पण सुक्या जमिनीवर, चपला घालूनही टाचा टेकत नसतील, पोटऱ्या घट्ट किंवा फुगीर दिसत असतील, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवून उठावं लागत असेल, सारखी पडत असेल, तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. एकाच बाजूचा हात-पाय कमी वापरणं, येत असलेली गोष्ट किंवा बोलणं जाणं, हाकेला लक्ष न देणं, स्पर्शाच्या भीतीने खाणं दोन-चार पदार्थांवर येऊन वजन अडकणं, यांतलं काही दिसलं तरीही तसंच.

खर्चाची धास्ती असेल तर सरकारी वाट आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि विकासाची शंका असली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईला जायची तयारी असेल तर सायन, केईएम आणि नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. देशात या विषयाचं पहिलं शिक्षण 1950 साली केईएममध्येच कमला निंबकरांनी सुरू केलं. डोंबिवलीहून तुम्हाला सायन सोयीचं, फक्त सकाळच्या गर्दीच्या लोकलने जाऊ नका.

राहता राहिलं सुनेचं किट. ते परत करा म्हणू नका. तिने लेकीच्या काळजीने पैसे घातले आहेत. त्यातले ओवायचे मोठे मणी, चिमटा, रंगीत तांदूळ सगळं वापरा, पण एका वेळी एकच वस्तू बाहेर काढा. पाण्यात टाकले की फुगणारे ते बारीक रंगीत मणी मात्र आजच टाकून द्या. मुलं ते गिळतात, पोटात ते फुगून आतडं अडवतात आणि एक्स-रेतही सहसा दिसत नाहीत. टाकण्याआधी सुनेला कारण सांगा, नाहीतर तुम्ही तिचं किट मोडीत काढलं असं तिला वाटेल. मेथी निवडतानाचा, पिशवीतल्या कणकेला ठोसे मारतानाचा नातीचा व्हिडिओ तिला दुपारी पाठवत चला. रविवारी परातीशी कुणी बसायचं यावर मग घरात चढाओढ लागेल.

आणि मोबाइल. मोबाइल बघत भरवलं की घास कसा लागतो, गार की गरम, ओला की कोरडा, याकडे तिचं लक्षच जात नाही, आणि तिला नेमकी त्याचीच सवय व्हायला हवी आहे. दुपारचं जेवण तुमच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा. टेबलावर दोघींची ताटं, भाताच्या मुदीवर वरण घालायचं तिने, चमचा तिच्याच हातात, सांडलं तर पुसायलाही तीच. पहिले काही दिवस कमी खाईल, संध्याकाळी भरून काढेल. रात्रीच्या जेवणाचा मोबाइल सध्या आहे तसाच राहू द्या. ते सुनेचं खातं आहे, आणि दिवसभर नोकरी करून, लोकलला लटकून आलेल्या बाईशी ताटावर वाद घातला तर पुढच्या आठवड्यात दुपारचाही मोबाइल परत येईल.